दुबईचं तिकीट आणि कोंबडभुजे

गेले पंधरा दिवस जो भेटतो तो विचारतोय, "काय पत्रकार, दुबईला चाललात म्हणे!" पनवेलची महापालिका झाली तरी बातमी फिरायचा वेग अजून ग्रामपंचायतीचाच आहे. तर हो, बेत होता. नाताळच्या सुट्टीत, पाच रात्री सहा दिवस. मी, बायको, दोन मुलं आणि सासूबाई. तो आता पुढच्या वर्षावर गेलाय. का गेला ते एकदाच इथे लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला नाक्यावर उभं राहून सांगायला नको. लिहायला बसलो आणि नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी ही नाताळची सुट्टी काय भानगड आहे ते. आमच्या लहानपणी नाताळची सुट्टी म्हणजे २५ डिसेंबरचा एक दिवस. खरी सुट्टी दिवाळीची आणि मे महिन्याची, आणि दोन्ही सुट्ट्यांत जायचं ठिकाण एकच, मामाचं गाव. मुलं इंग्रजी माध्यमात गेली तशी डिसेंबरात आठ-दहा दिवसांची सुट्टी घरात आली, आणि त्या सुट्टीचं करायचं काय हा प्रश्नही. वर्गातल्या कोणी सिंगापूर केलं, कोणी बँकॉक. आमच्या कन्येनं ऑगस्टमध्येच यादी काढली. थायलंडला व्हिसा लागत नाही, व्हिएतनाम स्वस्त, दुबईत सगळं एका जागी. मतदान झालं, दुबई निवडून आली. पाच माणसांचं नाताळातलं पॅकेज चार लाखांच्या पुढे, वर तेव्हाचा ५ टक्के टीसीएस. छोट्या गावातल्या पत्रकाराला हा आकडा ऐकून घाम फुटतो. पण बायकोची भिशी होती, माझं थोडं होतं, आणि सासूबाईंनी जाहीर केलं की माझे पैसे मी भरीन.

त्यांचे पैसे कुठले, तर माहेरचे. सासूबाईंचं माहेर कोंबडभुजे. विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यातलं एक. वडिलांच्या जमिनीच्या कागदांवर त्यांनी भावांसाठी कधीच हक्कसोड करून दिलं होतं, आपल्याकडे बहुतेक बहिणी देतात तसं, काही न विचारता. पुढे साडेबावीस टक्क्यांचा भूखंड विकला गेला तेव्हा भावांनी बहिणीच्या हातावर एक लाख ठेवले. ते बँकेत तसेच पडून होते.

पासपोर्ट फक्त त्यांचाच नव्हता. म्हणून ऑक्टोबरात एका एजंटकडे गेलो. वय सत्तरीच्या घरात, शिक्षण चौथी. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानंतर दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर तपासणीचा शिक्का पडू लागला, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे तीही अडचण नव्हती. एजंट भराभर फॉर्म भरत होता. जन्मस्थळाच्या रकान्याशी थांबला. म्हणाला, "काकी, कोंबडभुजे टाकलं तर उगाच चौकशी. गावच नाही राहिलं आता. पनवेल टाकतो, सोपं पडेल."

सासूबाई पदर सावरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी पनवेलला नय जल्मली. मी कोंबडभुज्याला जल्मली."

एजंटनं समजावलं. मीही समजावलं, हे कबूल करतो. मला वाटलं, काय फरक पडतो, फॉर्म तर पुढे सरकू दे. त्यांनी सही करायचं नाकारलं. चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला ट्रंकेत आहे, त्यावर गावाचं नाव आहे, तो आणते म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही फॉर्म न भरता घरी आलो.

त्या रात्री डोक्यात आलं, की आपल्या पनवेल तालुक्यातून परदेशी कोण कोण गेलं असेल? आणि जाताना त्यांच्या कागदावर काय लिहिलं गेलं असेल?

पहिलं नाव डोळ्यासमोर येतं शिरढोणचं. गोवा हायवेवरून जाताना आपण रोज ते स्मारक बघतो. वासुदेव बळवंत फडके, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. १८७९ साली पकडले गेले, पुण्यात खटला झाला, जन्मठेप झाली, आणि १८८० साली बेड्या घालून बोटीनं एडनला नेले. तिथून एकदा तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. आता गंमत बघा. एडन आज येमेनमध्ये आहे, पण १८३९ साली इंग्रजांनी ते घेतल्यापासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा. म्हणजे ज्या इलाख्यात ते जन्मले त्याच इलाख्यात मेले. कागदोपत्री वासुदेव बळवंत परदेशी गेलेच नाहीत. मधे सगळा अरबी समुद्र होता एवढंच.

त्या काळात पनवेल म्हणजे बंदर. आजच्या पोरांना बंदर रोड हा नुसता पत्ता वाटतो, पण घाटावरचा माल बैलगाड्यांनी इथे यायचा आणि खाडीतून गलबतांनी मुंबईला जायचा. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा ही वर्दळ आणखी वाढली. पनवेलची बैलगाडीची चाकं तर नावाजलेली. १८५२ सालची आपली नगरपालिका, राज्यातल्या जुन्यांपैकी. मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे झाली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं ते शंभर वर्षं. दिवा-पनवेल रेल्वे यायला १९६४ उजाडलं, मुंबईची लोकल यायला १९९८. वाहतुकीचा मार्ग बदलला की गावाचं नशीब कसं फिरतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार. आता पुन्हा फिरतंय. जमिनीचे भाव विचारून बघा.

दुसरी गोष्ट बेने इस्रायल लोकांची. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं, म्हणजे आपल्या नगरपालिकेहूनही तीन वर्षं जुनं. इस्रायल तलाव हे नाव जुन्या पनवेलकरांच्या तोंडी अजून आहे. कोकण किनाऱ्यावरचे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांचं नाव शनवार तेली. घरात भाषा मराठी. आडनावं गावावरून, रोहेकर, पेणकर, नवगावकर, चेऊलकर. १९४८ साली इस्रायल झाला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक घरं तिकडे गेली. त्यांचा प्रवास फिरायला जायचा नव्हता, कायमचा होता. भारतानं १९५० साली इस्रायलला मान्यता दिली, पण दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ सालचे. मधली चाळीस वर्षं ही माणसं भावंडांपासून तुटलेली होती. आणि तिकडे गेल्यावर तरी सुख होतं का? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नं अडवली. त्यासाठी आपल्या या माणसांनी तिथे उपोषणं केली, मोर्चे काढले. १९६४ साली तो प्रश्न त्यांच्या बाजूनं सुटला. उपोषण आणि मोर्चा त्यांनी कुठून शिकून नेला असेल ते सांगायला नको.

आज ते अश्दोद, दिमोना, बीरशेबा अशा गावांत आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. महाराष्ट्र दिन करतात. आडनावात रोहे आणि पेण सांभाळून ठेवलंय. रोह्याला एकदाही न आलेला माणूस तिकडे रोहेकर म्हणून जगतो. आमच्या एजंटला हे सांगायला हवं होतं.

तिसरी लाट आखाताची, ती आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी बघितलीय. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि तळोजे, पनवेल, खाली मुरूड-श्रीवर्धन-महाडपर्यंत घराघरातून एकेक माणूस गेला. वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, स्वयंपाकी. तोवर पासपोर्ट हासुद्धा सरकारच्या मर्जीचा मामला होता. १९६७ साली सतवंतसिंग सॉनी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. कायदा आला तरी परकीय चलन कुठे होतं? खिशात अवघे ८ डॉलर घेऊन निघालो, हे त्या काळात गेलेली माणसं अजून सांगतात. माझ्या एका मित्राचे वडील वीस-बावीस वर्षं आखातात होते. त्यांना सोडायला अख्खी ट्रॅक्स भरून माणसं सहारला जायची. पत्राबरोबर आवाजाची कॅसेट यायची, टू-इन-वनवर सगळी आळी ऐकायची. ते दोन वर्षांनी एकदा घरी येत. मुलाच्या दहावीच्या निकालाला नव्हते, आईच्या अंत्यविधीला नव्हते.

दुबईचं ठरलं तेव्हा मी त्यांच्याकडे माहिती विचारायला गेलो. काय बघायचं, कुठे फिरायचं. चाचा हसले. म्हणाले, "मला काय माहीत? आम्ही कॅम्पमधून साइटवर, साइटवरून कॅम्पमध्ये. शुक्रवारी कपडे धुवायचे." ज्या शहरात त्यांनी इतकी वर्षं काढली तिथलं बघण्यासारखं एक ठिकाण त्यांना सांगता येईना. शेवटी म्हणाले, "खाडी ओलांडायला लाकडी होडी मिळते, अब्रा म्हणतात, एक दिरहम. ती घ्या. त्यातून जाताना पनवेलची खाडी आठवायची."

कुटुंबानं मिळून नुसतं मजेसाठी परदेशी जाणं ही खूप अलीकडची गोष्ट आहे. आधीच्या पिढीनं परदेश पाहिला तो पु. लं.च्या 'अपूर्वाई'तून, १९६० च्या पुस्तकातून. १९८४ साली केसरी पाटलांनी आपली टूर कंपनी काढली, आणि पुढे मराठी माणूस वरणभाताची सोय असलेल्या ग्रुपबरोबर युरोपात दिसू लागला. त्यालाही पैसा आणि चलन मोकळं व्हावं लागलं. फेरा जाऊन २००० साली फेमा आला. रिझर्व्ह बँकेनं २००४ साली माणशी २५ हजार डॉलर बाहेर न्यायची मोकळीक दिली, आज ती वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून स्थानिक साप्ताहिकात लागलो तेव्हा "परदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा" अशी पाव पानाची जाहिरात हे आमचं चांगलं उत्पन्न होतं. कोट घातलेला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून पंचवीस नावं. जाणारा चार दिवस थायलंडला जायचा. आज तशी जाहिरात कोणी देत नाही, विमानतळावरचा सेल्फी फुकट टाकता येतो. आमचं उत्पन्न बुडालं ते वेगळंच.

आता विमानतळ. २००७ पासून आपण हा शब्द ऐकतोय. १,१६० हेक्टर जागा, दहा गावं, तीन हजारांहून जास्त कुटुंबं. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, उलवे, गणेशपुरी, वाघिवलीवाडा, कोंबडभुजे, ही नावं मी बातम्यांत इतकी लिहिलीत की हाताला पाठ आहेत. उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली. २०१७ पासून पुढच्या काही वर्षांत घरं रिकामी झाली, लोक वडघर, करंजाडे, वहाळच्या बाजूला गेले. खाडीत मासेमारीला गेलेले लोक परतताना त्या डोंगराकडे बघून दिशा धरायचे, असं सासूबाई सांगतात. ज्यावरून दिशा धरायची तो डोंगरच आता नाही.

आणि साडेबावीस टक्के हे कोणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी घ्यायला निघाली, तेव्हा शेतकऱ्याला मोबदला म्हणून हाती पडले ते किरकोळ पैसे. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई आणि नवघरच्या परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून विकसित जमिनीत साडेबारा टक्के परत द्यायचं तत्त्व आलं, आणि विमानतळाच्या वेळी ते साडेबावीसपर्यंत गेलं. लढ्याचं नेतृत्व जासईच्या दि. बा. पाटलांचं. पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. २०१३ च्या २४ जूनला ते गेले. आठ वर्षांनी त्याच तारखेला, २४ जून २०२१ ला, त्यांचं नाव विमानतळाला द्यावं म्हणून सिडकोवर जो मोर्चा गेला तो मी कव्हर केला. एवढी माणसं मी माझ्या नोकरीत दुसऱ्या कुठल्या मोर्चात बघितलेली नाहीत. राज्यानं २०२२ साली ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, तेव्हाही नावाचा निर्णय दिल्लीत पडूनच होता. २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडणार असं ठरलं, तीही सुरुवातीला देशातल्या देशात.

आमच्या घरात भडका उडाला तो इथे. कन्येचा समज होता की आपण घराजवळून रिक्षानं जाऊन विमानात बसणार. आंतरराष्ट्रीय विमानं लगेच नाहीत, आपल्याला सहारलाच जायला लागणार, हे कळल्यावर ती हिरमुसली, पण तेवढंच. सासूबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "मंग ह्या इमानतलावरशी कवा?" मी म्हटलं, बहुतेक पुढच्या वर्षी. त्या म्हणाल्या, "तवाच येईन मी. मना नको तुमचा सहार. आपल्या शेतावरशी इमान उरंल ना, तवा बसंन."

त्यांच्या वडिलांचं शेत आज नेमकं कशाखाली आहे, रनवे, टर्मिनल की पार्किंग, ते मला सांगता येत नाही. मी नकाशावर नकाशा ठेवून बघितला, जुळत नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, वरून दिसेल. मी म्हटलं, आई, वरून सगळं सारखंच दिसतं. त्यावर काही बोलल्या नाहीत.

दोन रात्री वाद झाला. मुलगी रडली. बायकोनं शेवटी ठरवलं, आई नसेल तर मीही नाही. टूरवाल्याकडे भरलेल्या आगाऊ रकमेतले वीस हजार गेले, त्याचं दुःख मी एकटाच करतोय. मुलीला २५ तारखेला विमानतळाबाहेर उभं राहून पहिलं विमान दाखवायचं कबूल केलंय. तिच्या मते ही शुद्ध फसवणूक आहे, आणि तिचं अगदीच चूक नाही. तेरा वर्षांच्या पोरीनं आजीच्या गावाचं ओझं का वाहायचं, असं मलाही एकदा वाटून गेलं.

पासपोर्टचं म्हणाल तर तो झाला. फॉर्म दुसऱ्यांदा भरला, दाखला जोडला. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारानं जन्मगाव वाचलं आणि म्हणाला, "अहो, माझी आत्या त्याच गावची." चहा घेऊन गेला, चौकशी संपली. गेल्या आठवड्यात स्पीड पोस्टानं पाकीट आलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, नातीकडून वाचून घेतलं. नातीनं अडखळत ते लांबलचक स्पेलिंग वाचलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग पासपोर्ट ट्रंकेत ठेवला, शाळेच्या दाखल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच.

आता माझं एक काम. या दहा गावांत जन्मलेल्या किती जणांच्या पासपोर्टवर, दाखल्यांवर, रेशन कार्डांवर आपल्या गावाचं नाव अजून शिल्लक आहे, याची मला यादी करायचीय. कुठल्या कार्यालयात ती मिळेल असं वाटत नाही. कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव आणि जन्माचं साल लिहा. कृपा करून पासपोर्टचा किंवा आधारचा फोटो टाकू नका, हल्ली फसवणूक फार चाललीय. आणि कोणाकडे गावाचे, शाळेचे, देवळाचे, जत्रेचे जुने फोटो असतील तर मला मेसेज करा, मी घरी येऊन स्कॅन करून घेईन, फोटो तिथल्या तिथे परत.

कोंबडभुजे, १९५५. सुरुवात सासूबाईंपासून केलीय.